मेजावरील भूमिकाखेळांचे ध्वनिमुद्रण आणि पॉडकास्ट : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

इ.स. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि मेजाभोवती बसून बोलण्यातून कथा घडविण्याचा एक नवा प्रकार रूढ झाला. हा खेळ मौखिक असल्याने सुरुवातीच्या तीन दशकांत त्याच्या प्रत्यक्ष बैठकांचे फारच थोडे पुरावे मागे राहिले. पॉडकास्ट हे माध्यम आल्यावर, विशेषतः २००८ नंतर, अशा बैठका ध्वनिमुद्रित होऊन श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागल्या. प्रस्तुत शोधनिबंधात या ध्वनिमुद्रणाचा विकास, त्यामुळे खेळात झालेले बदल आणि ऐतिहासिक साधन म्हणून त्याचे मोल व मर्यादा यांचा विचार केला आहे.

प्रस्तावना

इतिहासलेखनाला साधने लागतात. जे लिहिले गेले, कोरले गेले किंवा जपले गेले त्याचाच इतिहास प्रामुख्याने लिहिला जातो. जे केवळ बोलले गेले ते बहुधा बोलणाऱ्यांबरोबरच संपते. लोकांच्या फावल्या वेळाचा इतिहास लिहिताना ही अडचण अधिकच जाणवते. खेळाचे नियम छापलेले सापडतात, खेळाची साधने संग्रहालयात ठेवलेली आढळतात. परंतु एखाद्या संध्याकाळी चार माणसे एकत्र बसून तो खेळ नेमका कसा खेळली, कशावर हसली, कशावरून भांडली, याची नोंद क्वचितच मिळते.

मेजावरील भूमिकाखेळ हे याचे ठळक उदाहरण होय. या खेळात पट आणि सोंगट्या असल्याच तर त्या दुय्यम असतात. खेळ घडतो तो संभाषणातून. बैठक संपली की खेळही संपतो. मागे उरतात ते पात्रांच्या गुणांकांचे कागद, पेन्सिलीने काढलेले नकाशे आणि सहभागी व्यक्तींच्या आठवणी. अशा क्षणभंगुर व्यवहाराचे ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि ते हजारो श्रोते ऐकू लागले, ही सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी घटना आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भूमिकाखेळांच्या बैठकींची नोंद ठेवण्याच्या प्रयत्नांचा कालक्रमाने आढावा घेणे, (२) पॉडकास्ट या माध्यमामुळे खेळाच्या स्वरूपात झालेले बदल तपासणे, (३) या ध्वनिमुद्रणांकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहताना कोणती सावधगिरी बाळगावी हे स्पष्ट करणे. त्यासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. हा विषय मुख्यतः अमेरिकेतील असून जपानमधील एका समांतर परंपरेचाही विचार केला आहे.

भूमिकाखेळाचे स्वरूप व उगम

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियात रायसविट्झ पितापुत्रांनी सैनिकी शिक्षणासाठी 'क्रीगस्पील' हा खेळ विकसित केला. त्यातील मुलाने सिद्ध केलेली नियमावली १८२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दोन्ही पक्षांच्या चालींचा निवाडा करणारा पंच असे. हा पंच पुढील भूमिकाखेळांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. १९६९ मध्ये मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' या खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' या कल्पित प्रदेशात अद्भुतरम्य मोहिमा सुरू केल्या. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे राहणारे गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या सहकार्यातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आकाराला आला. गायगॅक्स व डॉन के यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' या संस्थेने तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. तीन छोट्या पुस्तिकांच्या या संचाच्या पहिल्या आवृत्तीच्या केवळ १,००० प्रती होत्या.

खेळाची रीत थोडक्यात अशी : एक व्यक्ती 'डन्जन मास्टर', म्हणजे आपल्या नाट्यपरंपरेतील शब्द वापरायचा तर सूत्रधार, होते. उर्वरित खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. हार-जीत अशी नसते. एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी मिनीआपोलिस–सेंट पॉल परिसरातील खेळाडूंमध्ये वावरून या खेळाचा अभ्यास केला. त्यांचा 'शेअर्ड फॅन्टसी' हा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकटींच्या संकल्पनेचा आधार घेऊन फाइन यांनी दाखविले की भूमिकाखेळातील माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो : घरदार व नोकरी असलेली व्यक्ती, नियम जाणणारा खेळाडू आणि कथेतील पात्र. 'मी तलवार उपसतो', 'माझे किती गुण उरले?' आणि 'जरा पाणी दे' ही तिन्ही वाक्ये एकाच तोंडून सलग येतात आणि ऐकणाऱ्यांना पातळी बदलल्याचे आपोआप कळते. ही तिहेरी रचना हेच या खेळाचे वैशिष्ट्य असून पुढील विवेचनात तिचा वारंवार उपयोग होणार आहे.

ध्वनिमुद्रणापूर्वीच्या नोंदी

बैठकीत जे घडले ते इतरांना सांगावे ही इच्छा खेळाइतकीच जुनी आहे. १९७५ मध्ये ली गोल्ड यांनी सुरू केलेल्या 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' या हौशी नियतकालिकात नियमांच्या चर्चेबरोबर खेळाडू आपल्या मोहिमांचे वृत्तान्तही लिहीत. मात्र वृत्तान्त हा घडून गेलेल्या गोष्टीचा सारांश असतो. त्यात पात्रांचा पराक्रम येतो. फासा टाकण्यापूर्वीची घालमेल आणि बैठकीतील विषयांतर येत नाही. दुसरा मार्ग कादंबरीचा होता. मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेतील पहिली कादंबरी १९८४ मध्ये आली. खेळासाठी रचलेल्या मोहिमांशी ती जोडलेली होती. कादंबरीत तर खेळाडू पूर्णपणे अदृश्य होतो.

या दोहोंहून वेगळी वाट जपानमध्ये निघाली. 'कॉम्प्टिक' या मासिकात १९८६ पासून 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. 'ग्रुप एसएनई' या मंडळाच्या, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांनी खेळलेल्या बैठकींची ती संवादरूप नोंद होती. सूत्रधार होते र्‍यो मिझुनो. या प्रकाराला जपानमध्ये 'रिप्ले' हे नाव रूढ झाले आणि तो एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार बनला. मिझुनो यांनी याच कथेवर लिहिलेली कादंबरी १९८८ मध्ये, तर तिच्यावरील सचेतपट-मालिका १९९० मध्ये आली. डीडलिट ही या कथेची नायिका पुढे अत्यंत लोकप्रिय झाली. मूळ बैठकीत तिची भूमिका हिरोशी यामामोतो या पुरुष लेखकाने केली होती. कादंबरी वाचणाऱ्याला किंवा पडद्यावर तिला पाहणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. छापील माध्यमाने कथा जपली; आवाज मात्र गाळला.

पॉडकास्ट : तंत्र व संधी

आवाज जपण्याचे साधन ध्वनिफितीच्या रूपाने घरोघरी पूर्वीच आले होते. उणीव होती ती वितरणाची. चार तासांची बैठक ध्वनिफितीवर घेतली तरी ती कोणाला व कशी पाठवायची? आकाशवाणीच्या वेळापत्रकात तिला जागा मिळणे अशक्य होते.

ही कोंडी इ.स. २००० नंतर फुटली. डेव्ह वाइनर यांनी 'आरएसएस' या सूचना-प्रणालीत ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली. २००१ मध्ये आयपॉड बाजारात आला. 'पॉडकास्टिंग' हा शब्द बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन' या वृत्तपत्रात वापरला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि त्याच वर्षी 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'ने 'पॉडकास्ट' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. या माध्यमाला लांबीचे बंधन नव्हते, परवान्याची गरज नव्हती आणि श्रोता आपल्या सवडीने, प्रवासात किंवा घरकाम करताना ते ऐकू शकत होता. तासन्‌तास चालणाऱ्या, दर आठवड्याला पुढे सरकणाऱ्या बैठकींना हे माध्यम सहज मानवले.

तांत्रिक अडचणी मात्र होत्या. मेजाच्या मध्यभागी एकच ध्वनिग्राहक ठेवला तर जवळचा आवाज मोठा, दूरचा अस्पष्ट आणि फाशांचा खडखडाट सर्वांत मोठा येतो. प्रत्येकासाठी स्वतंत्र ध्वनिग्राहक ठेवला तर खर्च वाढतो. शेजाऱ्याचा आवाजही त्यात शिरतो. मेजावरील नकाशा श्रोत्याला दिसत नाही, म्हणून 'तो इथे उभा आहे' या वाक्याऐवजी 'तो दरवाजापासून दहा पावलांवर उभा आहे' असे सांगावे लागते. म्हणजेच ध्वनिमुद्रणाने खेळाच्या भाषेलाच वेगळे वळण लावले.

प्रारंभ : जाहिरात आणि शिकवणी (२००८)

काही हौशी मंडळांनी आपल्या बैठका पॉडकास्टरूपाने देण्यास आधीच सुरुवात केली होती. परंतु या प्रकाराला व्यापक श्रोतृवर्ग मिळवून देणारी घटना २००८ ची आहे. त्या वर्षी जूनमध्ये खेळाची चौथी आवृत्ती आली. तिची ओळख करून देण्यासाठी प्रकाशक 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' यांनी 'पेनी आर्केड' या जालीय चित्रमालिकेचे कर्ते माइक क्राहुलिक व जेरी होल्किन्स आणि 'पीव्हीपी'चे कर्ते स्कॉट कर्ट्झ यांना एकत्र बसवून बैठक ध्वनिमुद्रित केली. सूत्रधार होते ख्रिस पर्किन्स. पुढील मालिकेत अभिनेते विल व्हीटन सहभागी झाले. याच मोहिमेतून 'ॲक्विझिशन्स इन्कॉर्पोरेटेड' हा प्रेक्षकांसमोर सादर होणारा प्रयोग उभा राहिला.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की प्रारंभीच्या या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणामागील प्रेरणा जाहिरातीची होती. दुसरी अशी की क्राहुलिक या खेळात अगदी नवखे होते. त्यांनी विचारलेले प्रश्न हे श्रोत्याचेही प्रश्न होते. नियमपुस्तक वाचून हा खेळ समजणे कठीण असते. तो परंपरेने कोणाच्या तरी शेजारी बसून शिकला जाई. पॉडकास्टने ही शेजारी बसण्याची जागा दूरच्या श्रोत्यालाही मिळवून दिली.

विस्तार : २०१४ ते २०२५

२०१४ मध्ये खेळाची पाचवी, तुलनेने सुटसुटीत आवृत्ती आली आणि त्याच सुमारास दोन महत्त्वाचे उपक्रम सुरू झाले. जस्टिन, ट्रॅव्हिस व ग्रिफिन मॅकेलरॉय हे बंधू आणि त्यांचे वडील क्लिंट यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या नेहमीच्या विनोदी पॉडकास्टमध्ये खाडा पडू नये म्हणून एक बैठक प्रसारित केली. नवख्यांसाठीच्या प्रारंभिक संचातील तयार मोहीमच त्यांनी घेतली होती. श्रोत्यांच्या प्रतिसादामुळे त्याच वर्षी 'द ॲडव्हेंचर झोन' हा स्वतंत्र पॉडकास्ट निघाला. त्याची पहिली कथामाला ऑगस्ट २०१७ मध्ये संपली. ग्रिफिन मॅकेलरॉय ध्वनिमुद्रणाचे संपादन करून त्यास स्वतः रचलेले संगीत जोडीत. थट्टेने सुरू झालेली ही कथा हळूहळू गंभीर होत गेली. तिच्यावर आधारित चित्रकादंबरी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली.

दुसरा उपक्रम 'क्रिटिकल रोल' हा होय. मॅथ्यू मर्सर आणि त्यांचे ध्वनिअभिनेते मित्र २०१२ पासून खाजगीत खेळत होते. १२ मार्च २०१५ पासून त्यांच्या बैठका 'ट्विच'वर थेट दाखविल्या जाऊ लागल्या. पुढे त्यांची श्राव्य आवृत्ती पॉडकास्ट म्हणूनही उपलब्ध झाली. २०१९ मध्ये त्यांनी सचेतपटासाठी लोकवर्गणीतून ७ लाख ५० हजार डॉलर्स मागितले असता ८८ हजारांहून अधिक लोकांनी १ कोटी १३ लाख डॉलर्सहून जास्त रक्कम दिली. त्यातून 'द लेजंड ऑफ व्हॉक्स मॅकिना' ही मालिका जानेवारी २०२२ मध्ये प्रदर्शित झाली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'डायमेन्शन २०' या मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रयोग केला. तीन पुस्तिकांच्या हजार प्रतींपासून सुरू झालेला व्यवहार पन्नास वर्षांत क्रीडागारापर्यंत पोहोचला.

खेळावर झालेला परिणाम

फाइन यांच्या तीन पातळ्यांमध्ये ध्वनिमुद्रणाने चौथी भर घातली. आता खेळाडू हा व्यक्ती, खेळाडू व पात्र यांबरोबर सादरकर्ताही झाला. मेजाभोवती नसलेला, परंतु सतत गृहीत धरलेला श्रोता बैठकीत येऊन बसला. त्याच्यासाठी नियम समजावून सांगणे, एकमेकांच्या बोलण्यावर न बोलणे, रेंगाळलेली लढाई आवरती घेणे हे सारे ओघाने आले.

मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील वीरगीते ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. त्यांच्या विनंतीवरून अवदो मेजेदोविच या गायकाने १९३५ मध्ये १२,००० हून अधिक ओळींचे एक गीत अनेक दिवस सांगितले. कॉफीगृहातील नेहमीच्या श्रोत्यांपुढे इतके लांब गीत सहसा झाले नसते. मुद्रण करणाऱ्याची उपस्थिती हीच त्या विस्ताराचे एक कारण होती. मुद्रित झालेले गीत खरेच होते. परंतु ते नेहमीचे नव्हते. भूमिकाखेळांच्या पॉडकास्टबाबतही हेच म्हणावे लागते.

याचा परिणाम सामान्य खेळाडूंवरही झाला. कसलेल्या अभिनेत्यांच्या बैठका ऐकून आलेले नवे खेळाडू आपल्या मित्राकडून, जो दिवसभर नोकरी करून रात्री सूत्रधार होतो, त्याच दर्जाच्या सादरीकरणाची अपेक्षा करू लागले. खेळाडूंच्या वर्तुळात याला 'मर्सर परिणाम' असे नाव पडले. आपली पद्धत हा एकमेव मार्ग नव्हे, असे स्वतः मर्सर यांनीही जाहीरपणे सांगितले. तरीही एक मूलभूत बदल झाला. जो खेळ लोक खेळून शिकत, तो ते ऐकून शिकू लागले. आणि ऐकलेला खेळ हा प्रमाण मानला जाऊ लागला.

मालकीचा प्रश्न

बैठकीतून घडलेली कथा कोणाची, हा प्रश्न ती खाजगी होती तोपर्यंत उद्भवत नव्हता. ध्वनिमुद्रणामुळे ती विक्रीयोग्य वस्तू बनली. पात्रे खेळाडूंची, प्रसंग सूत्रधाराचे; परंतु राक्षस, मंत्र आणि गावे अनेकदा प्रकाशकाची असतात. 'द ॲडव्हेंचर झोन'ची चित्रकादंबरी काढताना तयार मोहिमेतून आलेली काही नावे बदललेली आढळतात, ती याच कारणाने.

प्रकाशकांनी २००० मध्ये दिलेल्या खुल्या परवान्याने इतरांना नियमांचा काही भाग वापरण्याची मुभा दिली होती. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलण्याचा प्रस्ताव उघड होताच खेळाडू व निर्माते यांनी तीव्र विरोध केला. २७ जानेवारी २०२३ रोजी प्रकाशकांनी माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुले केले. 'क्रिटिकल रोल'च्या संस्थेने २०२५ मध्ये 'डॅगरहार्ट' हा स्वतःचा खेळ प्रसिद्ध केला. एकेकाळी जाहिरात म्हणून सुरू झालेले ध्वनिमुद्रण स्वतंत्र नियमावली काढण्याइतके समर्थ झाले, असे यावरून म्हणता येईल.

ऐतिहासिक साधन म्हणून मूल्यमापन

या ध्वनिमुद्रणांचे पहिले मोल असे की त्यांत तिन्ही पातळ्या ऐकू येतात. फासा टाकल्यानंतरची क्षणभराची शांतता, पात्राचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात केलेली तक्रार, अनपेक्षित हशा हे सारे छापील नोंदीत हरवते. खेळाडूचा निर्णय आणि फाशाचा कौल यांतून कथा कशी घडत जाते, याचा इतका तपशीलवार पुरावा यापूर्वी कधीही उपलब्ध नव्हता.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा संपादनाची. संपादित पॉडकास्टमध्ये कंटाळवाणे क्षण, चुका व वाद कापले जातात. अभ्यासकाच्या हाती संहिता येते ती संस्कारित. थेट प्रसारणात कापाकापी नसते, परंतु तेथे सादरीकरणाचे भान अधिक असते. दुसरी मर्यादा प्रातिनिधिकतेची. मुद्रित बैठका बहुतांशी व्यावसायिकांच्या, उत्तम उपकरणे परवडणाऱ्यांच्या आणि इंग्रजीतून खेळणाऱ्यांच्या आहेत. तिसरी मर्यादा प्रारंभाची. 'क्रिटिकल रोल'चे पहिले प्रसारण सुरू होते तेव्हा त्यांची कथा दोन-तीन वर्षे पुढे गेलेली होती. त्या आधीचा भाग मुद्रित नाही. २०१७ पासून तो चित्रकथेच्या रूपाने नव्याने सांगावा लागला. जगातील सर्वांत प्रसिद्ध मोहिमेचाही आरंभ अशा रीतीने आठवणींवर अवलंबून आहे, मग अप्रसिद्ध मोहिमांविषयी काय सांगावे?

चौथी मर्यादा जतनाची. पॉडकास्ट हा दूरच्या संगणकावर भाड्याने ठेवलेला असतो. हौशी मंडळ विखुरले, भाडे थकले की तो नाहीसा होतो. ग्रंथाची एखादी प्रत कोठेतरी धूळ खात टिकून राहते. न ऐकलेला पॉडकास्ट तसा टिकत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील 'पॉडकास्टआरई' या उपक्रमाने पॉडकास्टचा संग्रह करण्याचे काम हाती घेतले आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि काय जपावे याची निवड करताना लोकप्रियतेलाच निकष मानले, तर दुसरी मर्यादा अधिकच बळावेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. भूमिकाखेळांच्या बैठकींची नोंद ठेवण्याचे प्रयत्न वृत्तान्त, कादंबरी, जपानी 'रिप्ले' आणि पॉडकास्ट अशा रूपांनी झाले. त्यांपैकी सर्वांसाठी प्रसिद्ध होताना बैठकीतील आवाज राखण्याचे काम पॉडकास्टने केले.

२. ध्वनिमुद्रण ही तटस्थ नोंद नव्हे. श्रोत्याच्या अदृश्य उपस्थितीने खेळाची भाषा, गती व अपेक्षा बदलल्या.

३. मौखिक व्यवहार मुद्रित होताच त्याच्या मालकीचा प्रश्न उभा राहतो. २०२३ मधील परवान्याचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

४. अभ्यासकाने प्रत्येक ध्वनिमुद्रणाला चार प्रश्न विचारावेत : ते कोणी केले, कोणासाठी केले, त्यातून काय गाळले आणि ते आज कोणाच्या ताब्यात आहे.

शेवटी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. १९७४ पासून या खेळाच्या ज्या असंख्य बैठका झाल्या, त्यांपैकी बहुतेक स्वयंपाकघरातील मेजावर, वसतिगृहाच्या खोलीत, कोणीही ऐकत नसताना झाल्या. त्यांत वाईट अभिनय होता, नियमांवरून वितंडवाद होता आणि जिवाभावाची मैत्रीही होती. उद्याचा इतिहासकार केवळ उपलब्ध ध्वनिमुद्रणांवर विसंबला, तर कसलेल्या नटांचा खेळ हाच सर्वांचा खेळ होता असे तो लिहून बसेल. सामान्य खेळाडूंच्या आठवणी, कागद व नकाशे गोळा करण्याचे काम म्हणूनच निकडीचे आहे. कारण पहिल्या पिढीतील अनेक जण आज हयात नाहीत. गायगॅक्स २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये निवर्तले. मुद्रित आवाज जपण्याइतकेच, मुद्रित न झालेल्या आवाजांची जागा इतिहासात राखून ठेवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.